गावातील जुने कौटुंबिक फोटो: जतन कसे करावे आणि नावे कोणाची लिहावीत?

नदीकाठचा शिक्षक (शिरोळ तालुका)

नमस्कार. आमच्या गावातील घराघरांतून जुने फोटो मिळवून त्यांच्या प्रती ग्रामपंचायतीच्या सभागृहात कायमच्या लावाव्यात, असे आम्ही काही जणांनी ठरवले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांत घरोघरी पाणी शिरले, आणि प्रत्येक वेळी माणसे व जनावरे आधी हलवावी लागल्याने भिंतीवरचे फोटो मागेच राहिले. जे उरले आहेत, त्यांतील कित्येक काचेला चिकटलेले आहेत.

एका फोटोपाशी मात्र मी अडलो आहे. तो गुऱ्हाळघरासमोर काढलेला आहे. मालकांचे कुटुंब खुर्च्यांवर बसले आहे आणि एका मुलाच्या अंगात मापापेक्षा मोठा कोट आहे. मागे काहील, म्हणजे उसाचा रस उकळण्याची मोठी कढई, दिसते, आणि तिच्या कडेला लांब दांडा धरून एक गृहस्थ उभे आहेत. त्यांचा डावा खांदा फोटोच्या बाहेर गेला आहे. बसलेल्या सर्व पुरुषांची नावे घरच्यांनी भराभर सांगितली. उभ्या माणसाविषयी विचारले, तेव्हा ‘तो गुळव्या’, म्हणजे गूळ करणारा, एवढेच उत्तर मिळाले.

चिकटलेले फोटो कसे सोडवावेत, वर्ष कसे ओळखावे, आणि ज्यांचे नाव कोणालाच आठवत नाही त्यांच्याखाली काय लिहावे, याबाबत मार्गदर्शन हवे आहे.

स्टुडिओवाले, तिसरी पिढी (कोल्हापूर)

सर, काचेला चिकटून वाळलेला फोटो ओढून काढू नये. जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने फुगतो, काचेला धरतो आणि वाळल्यावर सुटत नाही. कागद ओढला की चेहरा काचेवर राहतो. २०१९च्या पुरानंतर असे कोरे झालेले कागद घेऊन आलेली माणसे मी आमच्या दुकानात पाहिली आहेत, आणि त्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काहीही नव्हते.

त्यामुळे फ्रेम सोडवून काचेसकटच कॅमेऱ्याने प्रत घ्यावी. कॅमेरा फोटोच्या अगदी समोर, दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश, आणि काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्यामागे काळे कापड, एवढ्यावर काम होते. सुटे फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावेत. हाताने रंगवलेल्या फोटोंना पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, कारण त्यावरचे रंग सुटू शकतात. नावे पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

करवीरकर

वर्ष ठरवताना फेट्यावर विसंबू नये. तो आपल्याकडे लग्नात आजही बांधतात. आधी पाठीमागचा शिक्का पाहावा. स्टुडिओच्या नावाखाली ‘कोल्हापूर संस्थान’ असे छापलेले असल्यास फोटो बहुधा १ मार्च १९४९ पूर्वीचा असतो, कारण त्या दिवशी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. गणवेशातील माणूस असेल, तर खांद्यावरचा बिल्ला भिंगाखाली वाचावा. राजाराम रायफल्स हे संस्थानचे पायदळ होते. सैनिकांचे गाव म्हणून ओळखले जाणारे सैनिक टाकळी आपल्याच तालुक्यात आहे, तेव्हा असे फोटो आपल्याला मिळतीलच.

शाळकरी मुलांचे समूहफोटो मिळाल्यास ते विशेष जपावेत. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. ज्या घराला स्टुडिओत जाणे परवडत नव्हते, त्या घरातील पणजोबांचा एकुलता एक फोटो अशा समूहात, मागच्या रांगेत असू शकतो.

माहेर कागल

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. तरीही मला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनाच आपण नावे विचारत राहिलो, तर सभागृहाच्या भिंतीवर गाव म्हणून चार-पाच वाडेच दिसतील. ती प्रत घेऊन आपण इतर वस्त्यांत गेला आहात का? गुऱ्हाळावर राबलेली माणसे, त्यांच्या लेकी-सुना आजही आसपासच असतील. गुळाचा पाक नेमका केव्हा उतरवायचा हे ज्याच्या नजरेवर ठरत होते, त्या माणसाला नुसते कामाच्या नावाने भिंतीवर लावणे मला अन्यायाचे वाटते.

आणि बसलेल्या पुरुषांची नावे सांगितली गेली, असे आपण लिहिले आहे. बायकांची? माझ्या आजीच्या फोटोखाली ‘पाटलांच्या थोरल्या सूनबाई’ असे लिहिलेले होते. तिचे नाव आम्ही नंतर घातले, सासरचे आणि माहेरचे, दोन्ही.

नदीकाठचा शिक्षक

ताई, बायकांची नावे मी विचारलीच नव्हती. आपण लिहिल्यावर ते लक्षात आले. रविवारी प्रत घेऊन गावाच्या खालच्या आळीत गेलो. तिसऱ्या घरातील आजींनी फोटो उजेडाकडे धरला, दांड्यावरच्या हाताच्या अर्ध्या तुटलेल्या अंगठ्यावर बोट ठेवले आणि नाव सांगितले. ते त्यांचे मामा होते. त्यांच्या घरात मामांचा दुसरा फोटो नाही. त्यांच्यासाठी वेगळी प्रत काढायला दिली आहे, आणि खुर्चीवरच्या तिघींची नावे विचारायला उद्या पुन्हा वाड्यावर जात आहे.