मंडळाच्या वर्गणीतून पोरांना चित्रकलेचा मास्तर ठेवावा का?

वडगावकर: दिवाळीत बेळगावातल्या आमच्या गल्लीतल्या पोरांनी मातीचा राजहंसगड किल्ला केला. पुतण्या आठवीत आहे. सायकलवरून येळ्ळूरला तीनदा जाऊन बुरूज बघून आला, वहीत काढून आणले. लाल मातीत भुसा कालवला की भेगा कमी पडतात, हे त्याचं त्यानंच शोधलं. पण त्याच बुरुजाचं चित्र काढताना सावली कुठं टाकायची ते कळत नाही. शिकवणार कोण? शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला आहे. मात्र बाई निवृत्त झाल्यापासून त्या तासाला गणित चालतं.

माझं म्हणणं एवढंच: तीन-चार मंडळांनी शिवजयंतीतल्या एका रात्रीच्या साउंडचे पैसे बाजूला काढावेत आणि मिळून एक मास्तर ठेवावा. आठवड्यातून दोन संध्याकाळ. मंडळाची खोली नाहीतरी वर्षातले बरेच महिने कुलपातच असते.

जुना कार्यकर्ता: काय सांगालाय! वर्गणीला एकदा दारोदार फिरून बघा. लोक पावती फाडतात ती गणपतीला नि शिवजयंतीला, ड्रॉइंगला नव्हे. आणि शिवजयंतीचा चित्ररथ ही शाळा नव्हे काय? ट्रॉलीवर वीस पोरं पहाटेपर्यंत पोज घेऊन उभी असतात. दाढी लावणं, पेटी रंगवणं, लाइट जोडणं सगळं तिथंच शिकतात. आमच्यातलाच एकजण आज फ्लेक्सचं दुकान चालवतो.

वडगावकर: शिकतात, मान्य. पण संवाद रेकॉर्डवर, पोरं नुसते ओठ हलवतात. एक मुलगा चार वर्षं मावळाच आहे. त्याला बोलायला कधी मिळणार?

खानापूरची आई: फुकट वर्ग काढला तरी दहावीत पोर पाठवणार कोण? माझी भाची चंदगडला, महाराष्ट्रात. तिकडच्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड मिळाली, तर दहावीला ७ गुण वाढले. माझ्या मुलीनं इकडच्या, कर्नाटकातल्या, चित्रकलेच्या लोअर आणि हायर दोन्ही परीक्षा दिल्या. एसएसएलसीच्या, म्हणजे इकडच्या दहावीच्या, ६२५ मध्ये अर्धा गुण वाढला नाही. नवरा म्हणतो, रंगांचे पैसे ट्यूशनला घाल. मलाही खोटं वाटत नाही. (रंग मी आणते, गुपचूप.)

निपाणीकर: गुणांचं सोडा. खरी अडचण ही की आपण सतत कोल्हापूर-पुण्याकडे डोळे लावून बसतो. बेळगावहून धारवाड ७५ किलोमीटरवर. गाण्याची केवढी परंपरा तिथं! पोरांना कन्नड नीट येऊ दे, दारं आपोआप उघडतील. कुमार गंधर्व १९२४ साली सुळेभावीला जन्मले, मूळ आडनाव कोमकळीमठ. घरात कन्नड, आणि त्यांना डोक्यावर घेतलं मराठी रसिकांनी. गाण्याला सीमा आडवी आली नाही.

वडगावकर: कन्नड शिकायला कुणाची ना नाही, पुतण्या माझ्यापेक्षा बरं बोलतो. पण त्याच कुमारजींना लहान वयात गाणं शिकायला मुंबईला देवधर मास्तरांकडे पाठवावं लागलं, ते का गाळता? उलट चित्रकार रवी परांजपे बघा. जन्म १९३५, बेळगावचा. त्यांचे चित्रकलेचे गुरू के. बी. कुलकर्णी सर इथंच होते म्हणून पाया इथंच पक्का झाला. गुरू चालत जाण्याच्या अंतरावर होता! सुळेभावी नि बेळगाव, दोन्ही एकाच जिल्ह्यातली.

निपाणीकर: के. बी. सरांसारखा माणूस काय वर्गणीतून मिळतो?

वडगावकर: नाही. पण सावली शिकवणारा मिळतो.

शाडूवाला: मी मूर्ती करतो, म्हणून बोलतो. जूनपासून पोरं कारखान्यात येऊन बसतात. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला डोळे काढायचे असतात. मी देत नाही. दोन वर्षं मूर्तीची पाठ ओल्या ब्रशानं साफ करायची, मग हात, मग डोळे. निम्मी पोरं पाठीवरच पळतात. तेव्हा मास्तर ठेवाच, पण पहिल्या महिन्यात प्रदर्शन मागू नका. आणि मानधन दर महिन्याला द्या. ‘उत्सव झाला की बघू’ हे आम्ही लई ऐकलंय. एका मंडळाकडचे मागच्या गणपतीचे पैसे अजून यायचेत.

जुना कार्यकर्ता: कुठलं ते इथं लिहू नका. बरं, खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये घ्या वर्ग. पैशाचं मात्र माझ्या डोक्यावर टाकू नका.

वडगावकर: एप्रिल-मेमध्ये आपली शिवजयंती, तेव्हा खोलीत चित्ररथाचं सामान असतं, दादा.

जुना कार्यकर्ता: मग जूनपासून.

खानापूरची आई: पत्रे गळत नाहीत ना तुमचे?

जुना कार्यकर्ता: एका कोपऱ्यात गळतात. तिथं पोरांना बसवायचं नाही.