इलेक्ट्रिशियनचं बिल नेमकं कशाचं होतं? (अनुभव धागा)

खटका_चालू
"वीस मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे?" हे आज पुन्हा कानावर आलं, म्हणून धागा काढतेय. किरकोळ दुरुस्तीत सुटा भाग बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असतो. पैसे जातात ते येण्याजाण्याचे, बिघाड शोधण्याचे आणि भिंत फोडण्याचे. पहिले दोन आपल्याला कमी करता येतात. बोलावण्याआधी घरभर फिरून यादी करा: कुठला खटका गरम होतो, कुठल्या प्लगात पिन सैल बसते, कुठला दिवा फडफडतो. बोर्डाचा आणि डीबीचा (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीचा) फोटो पाठवा, त्यातल्या एमसीबीवरचे (जादा करंटला आपोआप बंद पडणाऱ्या खटक्यांवरचे) आकडे वाचता येतील असा. म्हणजे माणूस सामान घेऊनच येतो. तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहा.

वायरमन_नाना
पॉइंटच्या (एका दिव्याच्या, पंख्याच्या किंवा प्लगच्या जोडणीच्या) दरात काय धरलंय ते आधी विचारा, भांडणं तिथेच होतात. झिरी मारणं (पाइपासाठी भिंतीत खाच पाडणं) धरलंय का? ती भरायला गवंडी कोण आणणार? डीबीपासून बोर्डापर्यंतची मेन वायर बहुतेक वेळा पॉइंटात नसते, लांबीच्या मीटरमागे वेगळी लावतात. जिन्याच्या दिव्याला दोन बाजूंनी खटके असले की पाइप आणि वायर दोन्ही वाढतात, त्यामुळे तो साध्या पॉइंटच्या दरात होत नाही. पंखा टांगणं तर हमखास वेगळं. हे सगळं कागदावर घ्या.

सावली२२
पंखा फक्त ५ वरच फिरतो, १ ते ४ वर बंद. नवा घ्यावा लागेल का? घाईत विचारतेय, कुकर लावलाय

वायरमन_नाना
नाही ताई, पंखा चांगला आहे. ५ वर रेग्युलेटर थेट पुरवठा देतो, बाकीच्या वेगांसाठी आतले कपॅसिटर लागतात, ते गेलेत. फक्त रेग्युलेटर बदला.

फेज_न्यूट्रल
पंख्याचं उलटंही असतं. ५ वरसुद्धा हळू फिरतो, किंवा नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावर चालू होतो, तर पंख्याचा स्वतःचा कपॅसिटर. छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, जुन्यावर छापलेला आकडा बघून तोच घ्यायचा. बंद करून पाती हाताने फिरवून बघा. जड लागली तर बेअरिंग, आणि मग पंखा उतरवावा लागतो, मजुरी वाढते.

सावली२२
फार फार आभार दोघांचे 🙏

अर्थिंग_हवंच
आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की पुरवठा तोडणारा डीबीतला खटका) सारखी पडते, हा सगळ्यात वेळखाऊ बिघाड, म्हणून महाग. निम्मा शोध आपण घेऊ शकतो. सगळे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. सगळे एमसीबी खाली (बंद), मग आरसीसीबी वर (चालू), मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्यावर पडते ते सर्किट लिहून ठेवा. प्लग यासाठी काढायचे की साधा एकपोली एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी तार) तोडतो, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलीच राहते. गिझरच्या कॉइलमधून न्यूट्रल अर्थला लागला असेल तर एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडू शकते. प्लग काढल्यावर थांबली तर दोष उपकरणात, भिंतीला हातही लावू देऊ नका. आणि पडते म्हणून आरसीसीबी काढून थेट जोडून घेऊ नका, कुणी कितीही स्वस्तात करून देत असलं तरी. ३० मिलिअँपियरच्या गळतीला ती पुरवठा तोडते म्हणून माणूस वाचतो.

मीनाक्षी_ताई
टेस्टर पेटतो पण दिवा लागत नाही, दिवा बदलून झाला. हे पण फेजचंच ना?

फेज_न्यूट्रल
फेज तर येतोय, म्हणून टेस्टर पेटतो. बहुधा न्यूट्रल सुटलाय, बोर्डात किंवा होल्डरमध्ये. बाकीचे दिवे चालू असतील तर बिघाड त्याच फांदीत आहे. फोनवर एवढं सांगितलंत तरी त्याचा बराच वेळ वाचेल. मात्र बोर्ड स्वतः उघडू नका.

वायरमन_नाना
वायरमध्ये काटकसर नको. दिव्यांना १.५ चौरस मिमी, १६ अँपियरच्या प्लगला २.५, एसीला ४. ३ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर १३ अँपियर ओढतो. "एमसीबी पडतोय, मोठा टाकून देतो" म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. १.५ च्या वायरवर ३२ चा एमसीबी टाकला की एमसीबी पडत नाही, भिंतीतली वायर तापते.

सावली२२
रेग्युलेटर घेताना काय बघू? दादा, सगळे सारखेच दिसतात

वायरमन_नाना
जुन्याचा पुढून आणि मागून फोटो काढून न्या. मॉड्युलर (प्लेटच्या ठरावीक खणांत बसणारा) असेल तर एक मॉड्युलचा की दोनचा ते बघा, नाहीतर प्लेटमध्ये बसणार नाही. स्टेप टाइप (१ ते ५ असे ठरावीक टप्पे असलेला) मागा, डिमरसारखा टप्प्यांशिवाय फिरणारा नको, त्यावर पंखा गुणगुणतो.