झुरळं, बोंडअळी आणि दहावीचं पुस्तक

नागपूर. सोसायटीचा ग्रुप. जानेवारीतला शुक्रवार, संध्याकाळ.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ पेस्ट कंट्रोल. ए आणि बी विंग. ओटा आणि ट्रॉल्या रिकाम्या करून ठेवा, सिंकखालचं सामान काढा.

ए-२०३: तिसऱ्यांदा येताहेत. दिवाळीआधी विषारी जेलचे ठिपके लावून गेले, डिसेंबरात पुन्हा लावले. मिक्सरच्या मागे झुरळं तशीच. काल रात्री तर माझ्यासमोर एक बारकं झुरळ ठिपक्यापाशी आलं, मिशा लावल्या आणि वळून निघून गेलं. तोंडसुद्धा लावलं नाही.

बी-१०४ काका: सवय झाली हो त्यांना औषधाची. आता स्ट्राँग मारायला सांगा.

सेक्रेटरी: बोलतो कंत्राटदाराशी.

सी-५०१ ताई: ए-२०३, तुम्ही हे नीट पाहिलंत आणि लिहिलंत, फार बरं केलंत. काका, "सवय झाली" असं आपण सगळेच म्हणतो, पण तिथंच गफलत होते. झुरळाला विषाची सवय व्हायला वेळच मिळत नाही. खाल्लं की मेलं, नाही खाल्लं तर वाचलं. मग कोण वाचलं, ते बघायचं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका अपार्टमेंटमधल्या झुरळांबद्दल १९९३ साली एक गोष्ट छापून आली. झुरळांनी यावं म्हणून त्या विषारी जेलमध्ये ग्लुकोज घालतात. ही झुरळं विषाला नाही, त्या ग्लुकोजलाच नाकारत होती. कारण कळायला २०१३ उजाडलं. त्यांच्या तोंडाजवळ कडू चव ओळखणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या ग्लुकोजनेही चाळवतात. म्हणजे आपल्याला जे गोड, ते त्यांना कडू. हे शिकून येत नाही, जन्मजात असतं आणि पिल्लांकडे जातं. विष नसेल तेव्हा अशा झुरळांचं नुकसानच होतं, कारण चांगलं खाणं ती सोडून देतात. पण घरोघरी गोड विष ठेवल्यावर गोड खाणारी मेली आणि ही उरली. पुढची सगळी यांचीच प्रजा.

आपल्या इमारतीत हेच घडलंय असं मी आजच म्हणत नाही, जेल सुकलेलंही असू शकेल. पण सेक्रेटरीसाहेब, जास्त जालीम औषध मागू नका. आमिष आणि औषध दोन्ही वेगळ्या प्रकारचं मागा. आणि रात्री ओट्यावर खरकटं ठेवू नका, ते सगळ्यांच्याच हातात आहे.

बी-३०२: ताई, म्हणजे ही उत्क्रांतीच झाली ना? माझी लेक यंदा दहावीला आहे, सीबीएसई. तिच्या पुस्तकात धड्याचं नाव नुसतं 'हेरेडिटी' आहे. 'इव्होल्यूशन' नाहीच. तिचा मामेभाऊ स्टेट बोर्डात, त्याला भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. दोघं एकाच वयाची, एकाच गावातली.

बी-१०४ काका: (फॉरवर्ड) *डार्विनचा सिद्धांत जगभरच्या शास्त्रज्ञांनीच खोटा ठरवला! म्हणून पुस्तकातून हद्दपार! माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला? जास्तीत जास्त पाठवा.*

सी-५०१ ताई: काका, हे पुढे पाठवू नका, माझी विनंती आहे. यातलं पहिलं वाक्य धादांत खोटं आहे. पुस्तकातून भाग गेला तो कोविडनंतर मुलांवरचं ओझं कमी करायचं म्हणून, असं ही पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीनं सांगितलं. शास्त्रज्ञांनी तर उलट विरोध केला. २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्रावर सह्या करून तो धडा परत आणा म्हटलं. "कोणी पाहिला" हे वाक्यही जुनंच. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे एक केंद्रीय राज्यमंत्री औरंगाबादेत हेच बोलले होते. त्यावर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढलं, की उत्क्रांतीला भक्कम पुरावा आहे आणि ती शिकवणं थांबवणं चुकीचं ठरेल.

मला खरी टोचणी वेगळीच आहे. बारावीच्या जीवशास्त्रात हा धडा आहे, असं उत्तर मिळतं. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतात किती मुलं? जो कॉमर्सला जाईल, आयटीआयला जाईल, गावी जाऊन शेती करेल, त्याच्या कानावर हा शब्द शाळेत कधीच पडणार नाही. आणि याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आहे.

बी-१०४ काका: पण ताई, माकड आपला पूर्वज हे काही मनाला पटत नाही.

सी-५०१ ताई: पटायला नकोच, कारण तसं कोणी म्हणतच नाही. गणपतीत तुम्ही आम्हाला तुमचा कुळवृत्तांत दाखवला होता, आठवतं? त्यात रत्नागिरीकडे राहिलेली एक शाखा होती. ते लोक तुमचे आजोबा नाहीत. तुमचा आणि त्यांचा मूळपुरुष एक. तिकडचे तिकडे वाढले, तुम्ही इकडे आलात. चिंपांझीचं आणि आपलं नातं असंच आहे, फक्त तो मूळपुरुष साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा. आज झाडावर दिसणारं माकड त्याहूनही लांबच्या शाखेतलं.

ए-१०१ आजी: आमच्या दशावतारात हेच नाही का गं? आधी मासा, मग कासव, मग वराह.

सी-५०१ ताई: आजी, दशावतार मला लहानपणापासून प्रिय आहेत आणि पाण्यातून जमिनीकडे हा क्रम कुणालाही भुरळ घालेल असाच आहे. पण ती देवाची कथा आहे, देव ठरवून रूप घेतो. उत्क्रांतीत कुणी ठरवत नाही आणि त्यात वरची-खालची पायरीही नसते. मासा मागे राहिलेला नाही, तो आजही पाण्यात आपल्यापेक्षा सरस आहे. दोन्ही आपापल्या जागी राहू द्यात, आजी. एकाला दुसऱ्याची साक्ष काढायला लावू नये.

बी-३०२: लेक विचारतेय, घरात बसून बघता येईल असं काही आहे का?

सी-५०१ ताई: आहे की. हात टेबलावर तळवा वर करून ठेव. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकव, आणि मनगट थोडं आपल्याकडे उचल. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी शीर वर येते का बघ. ती शीर नाही, एका बारीक स्नायूची कंडरा आहे, म्हणजे स्नायूच्या टोकाची दोरी. काहींना ती असते, काहींना एका हाताला नसते, काहींना दोन्हीला नसते.

बी-३०२: तिला दोन्ही हातांना आहे. मला डाव्याला नाहीच!!

ए-२०३: आमच्याकडे यांना नाही, मला आहे.

ए-१०१ आजी: मला दिसत नाही, सूनबाई म्हणते आहे.

सी-५०१ ताई: आणि ज्यांना नाही त्यांची पकड काही कमी पडत नाही. म्हणून तर हाताच्या शस्त्रक्रियेत दुसरीकडे कंडरा लागली, तर डॉक्टर हीच काढून वापरतात. एकाच घरात एकाला आहे, एकाला नाही. हा फरक आधीपासून असतो. झुरळांतही असाच असतो. कोण वाचेल ही निवड व्हायला हा फरक लागतोच.

सेक्रेटरी: मध्येच सांगतो, उद्या पाणी ७ ऐवजी ८ ला येईल. चालू द्या.

डी-४०२: मॅडम, मी कधी लिहीत नाही इथं. पण हे वाचून राहिलो मघापासून. आमची शेती यवतमाळकडं, भाऊ पाहते. बोंडअळीचं बी असंच झालं का जी?

सी-५०१ ताई: भाऊ, अगदी असंच. माझी नोकरीची कितीतरी वर्षं याच अळीपाठी गेली.

बीटी कापूस आपल्याकडे २००२ मध्ये आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक झाडात घातलेलं. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्याला चिकटतं, आतडं फुटतं, अळी मरते. सुरुवातीची वर्षं तुम्हाला आठवत असतील, फवारण्या किती कमी झाल्या होत्या. पण कोट्यवधी अळ्यांत एखादी अशी असतेच, की जिच्या आतड्याला ते प्रथिन नीट चिकटत नाही. गुजरातेत पहिल्या बीटीला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी २०१० च्या सुमारास जाहीर झाली. दोन जनुकांचं बीटी २००६ मध्येच आलं होतं, पुढे त्यालाही ती पुरून उरली. आणि २०१७ मध्ये विदर्भात काय झालं ते तुम्ही भोगलंय.

त्या वर्षी नोव्हेंबरात मी यवतमाळकडच्या एका शेतात होते. बोंड बाहेरून ठणठणीत, हिरवंगार, कुठं भोक नाही. नखानं फोडलं तर आत दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मधे गुलाबी अळी. कापूस पिवळा पडून कवडी झालेला. शेतकरी माझ्याकडे बघत होता आणि म्हणाला, झाडातच औषध आहे म्हणून सांगितलं होतं ना. त्याच हंगामात यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. काका, म्हणून "स्ट्राँग मारा" असं ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. राग तुमचा नाही.

डी-४०२: बियाण्यासोबत ते नॉनबीटीचं लहान पाकीट येत होतं ना मॅडम, ते आमी कधी पेरलंच नाही. बांधावर पडून राहायचं. जागा कायले वाया घालवायची, असं वाटे.

सी-५०१ ताई: तुम्ही एकटे नाही, बहुतेकांनी तेच केलं. आणि ते का पेरायचं, हे कुणी धड समजावूनच सांगितलं नाही, त्यात आम्हीही आलो. ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर ते १२० ग्रॅमचं पाकीट होतं. कडेनं पाच ओळी, किंवा क्षेत्राच्या २० टक्के, जे जास्त असेल ते. त्या ओळींत साध्या अळ्या जगू द्यायच्या, मुद्दाम. अळीचा पुढे पतंग होतो. बीटीतून वाचलेला एखादा पतंग मग या साध्या पतंगांशी जुळतो. प्रतिकाराचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच अळी वाचते. एकाकडूनच आलं तर ती बीटीवर मरते. ओळी नसल्या की वाचलेला पतंग वाचलेल्याशीच जुळतो, आणि दोन-चार हंगामांत सगळं शिवार त्यांचं होतं.

अमेरिकेनं हे पाळलं. पुढे प्रजननक्षम नसलेले पतंग सोडले, पिकाचे अवशेष गाडले. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, बीटीही तेच.

बी-३०२: हे दहावीला नको तर कधी हवं? लेक वही घेऊन बसली आहे.

सी-५०१ ताई: तिला रविवारी माझ्याकडे पाठवा. मामेभावालाही. माझ्याकडे त्या चिकटलेल्या सरक्या अजून आहेत, डबीत ठेवलेल्या. दोघांना भिंगाखाली दाखवते.

बी-१०४ काका: मी तो मेसेज डिलीट केला आहे. आणखी दोन ग्रुपवर टाकला होता, तिथंही लिहिलं, चुकीचा आहे म्हणून. रविवारी मीही येऊ का?

सी-५०१ ताई: काका, जरूर या. कुळवृत्तांत घेऊन या.

भाऊ, एक विचारायचं राहिलं. तुमच्या भावानं फरदड ठेवली आहे का, वेचणी संपल्यावरही कपाशी उभी?

डी-४०२: हो ना मॅडम. भाव बरा आहे, विहिरीले पाणी आहे. तीन एकर उभी आहे. उद्या पाणी सोडायचं म्हणत होता.

सी-५०१ ताई: नका सोडू. डिसेंबरअखेर शेत रिकामं व्हायला हवं होतं. या अळीला कपाशीशिवाय फारसं काही चालत नाही. पीक नसलं की पाच-सहा महिने तिची उपासमार होते. फरदडीला पाणी दिलं, की तिला जून-जुलैपर्यंत जेवण पुरवल्यासारखं होतं, आणि त्यातल्या कुठल्या अळ्या असतील ते आता तुम्हाला माहीत आहे. दोन क्विंटल वरचे निघतीलही, पण पुढच्या हंगामात ते तुमच्याकडून आणि शेजाऱ्यांकडूनही वसूल होतील. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून टाका, श्रेडर मिळत असेल तर बारीक करून गाडा. बांधावर ढीग लावून ठेवू नका, अळी त्यातच झोपते.

सेक्रेटरी: पेस्ट कंट्रोलवाल्याशी बोललो. उद्या वेगळं जेल आणतो म्हणाला. नाव लिहून ग्रुपवर टाकतो, ताई बघून सांगतील.

ए-२०३: ओटा रिकामा केला. खरकटंही काढलं.

डी-४०२: भावाशी बोललो. आधी चिडला, मग म्हणे बाजूच्या वावरातल्या काकालेबी विचारतो, त्यायची बी उभी आहे. उद्या पाणी नाही सोडत. सोमवारी ट्रॅक्टर सांगून राहिला.