छोट्या ट्रॅक्टरनं भारी काळ्या रानाची नांगरट होते का?

परभणीकर_शेतकरी:
रामराम मंडळी. चार एकर भारी काळं रान आहे, तूर निघाली, आता नांगरट करायचीय. घरचा १५ एचपीचा छोटा ट्रॅक्टर आहे, टू व्हील ड्राइव्ह (ओढायला फक्त मागची चाकं), आजवर मोसंबीत फवारणी आणि आंतरमशागत एवढंच काम घेतलं त्याच्याकडून. दुकानदारानं एका फाळाचा १० इंची नांगर दिला, म्हणाला ९ इंच आरामात जातो. पण रानात घातला की थोडं पुढं जातो आणि मागची चाकं जागेवरच फिरायला लागतात, नांगर उचलला की निघतो पण मग नुसतं वरवर खरवडतो. इंजिन मात्र जराही दबत नाही. एचपी कमी पडतेय का? का सरळ भाड्यानं ५० एचपीवाला बोलावू?

बार्शीकर:
भाऊ इंजिन दबत नाही म्हणता ना, मग ताकद आहे, पकड नाही. हिशोब बघा, भारी जमिनीत नांगराला दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते एक किलो ओढ लागते, पाऊण धरू. १० इंच रुंद आणि ६ इंच खोल तास (नांगरानं पडणारी सरी) म्हणजे साधारण ३७५ चौ. सेंमी., म्हणजे २८० किलोच्या आसपास ओढ झाली. तेच ९ इंच खोल गेलात तर ४२० किलोच्या वर. आता १५ एचपीच्या ट्रॅक्टरचं वजनच ८०० किलोच्या आसपास असतं आणि टू व्हीलवाला वजनाच्या चाळीस टक्के ओढला तरी खूप झालं, म्हणजे ३२० किलो. ६ इंचाला कसाबसा बसतो, ९ इंचाला नाही. २८० किलो ओढून ताशी साडेतीन किलोमीटरनं चालायला चार एचपीसुद्धा लागत नाही, म्हणून तर इंजिन आरामात आहे. ९ इंच सांगणाऱ्यानं हलकं रान बघून सांगितलं असेल, काळ्यात ते चालत नाही.

वाळवा_ऊसवाला:
बार्शीकर दादांचं बरोबर. मागच्या चाकात पाणी भरून घ्या, व्हॉल्व्ह वर ठेवून पाऊण चाक, सगळ्यात स्वस्त वजन तेच. पुढं पण वजनं लावा, नाहीतर नांगर अडकला की तोंड उचलतं, आणि काही झालं तरी साखळी बिखळी एक्सलच्या वरच्या अंगाला बांधून ओढू नका, ट्रॅक्टर मागं उलटतो, जीव जातो. आणि सेटिंग बघा. पहिला तास दोन्ही चाकं सपाटीवर ठेवून मारायचा, दुसऱ्या तासापासून उजवं चाक तासात उतरतं, ट्रॅक्टर उजवीकडं कलतो, तर उजव्या बाजूचा लिफ्ट रॉड (नांगर उचलून धरणारा दांडा) फिरवून आखूड करा म्हणजे नांगर सरळ उभा राहील. टॉप लिंक (नांगर वरून ट्रॅक्टरला जोडणारा दांडा) फार आखूड असेल तर फाळाचं टोक खाली घुसतं आणि चाक फिरतं, थोडी थोडी लांब करत बघा. डिफ लॉक (मागची दोन्ही चाकं एकसारखी फिरवणारा खटका) फक्त सरळ तासात, वळताना काढायचाच.

परभणीकर_शेतकरी:
लई उपयोगी सांगितलं, आजच पाणी भरतो. अजून एक, एका कोपऱ्यात हराळी माजलीय, तिथं रोटाव्हेटर मारला तर जाईल का?

बार्शीकर:
अजिबात मारू नका!! रोटाव्हेटर हराळीच्या काशांचे (जमिनीखालच्या खोडांचे) तुकडे करतो आणि रानभर पसरवतो, एकेक तुकडा परत फुटतो. शिवाय वर्षानुवर्षं त्याच चार-पाच इंचावर रोटाव्हेटर चालला की खाली घट्ट थर धरतो, पाणी मुरत नाही, तुरीची मुळं आडवी पसरतात. हराळीला खोल पलटी नांगरट आणि एप्रिल-मेचं ऊन, काशा उघड्या पडून वाळल्या पाहिजेत, राहिलेल्या वेचून बांधाबाहेर काढायच्या. तेवढ्या कोपऱ्यापुरता मोठा ट्रॅक्टर सांगा, काही वाईट नाही त्यात.

नेरळ_साईड:
वेगळं मत मांडतो, राग मानू नका. दरवर्षी नांगरायलाच पाहिजे असं कुठंय? आमच्या रायगडात नेरळचे शेतीतज्ज्ञ चंद्रशेखर भडसावळे सरांच्या सगुणा तंत्रानं, एसआरटी म्हणतात त्यानं, कायमचे गादीवाफे करून नांगरणी-चिखलणीशिवाय भात घेतात, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देतात. तुमच्या तुरीची सोटमुळं तर खोल जातात, ती कुजली की पाण्याला आपोआप वाट होते. एखादा एकर तसा करून बघा की.

बार्शीकर:
एका एकरावर करून बघायला हरकत नाही, पण हराळीचा कोपरा सोडून, आधी हराळी काढा मगच. आणि परभणीकर भाऊ, बाकीचं रान छोट्यानंच करायचं तर वाफसा (माती फार ओली नाही, फार कोरडी नाही) बघूनच. आत्ता भेगा पडल्या असतील तर एवढी मोठी ढेकळं निघतील की तुमचा ट्रॅक्टर त्यावरून चालायचा पण नाही. अवकाळीचा एखादा पाऊस झाला तर माती मुठीत दाबून बघा, गोळा होऊन परत फुटला पाहिजे, हाताला चिकटली तर अजून थांबा. मग लो गिअरमध्ये ५-६ इंच धरा. पुढच्या साली मात्र तूर काढल्या काढल्या, ओल आहे तोवरच नांगर घाला. दर तीन वर्षांनी एकदा खोल नांगरट भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनं, मधल्या वर्षी घरचा पुरतो.

परभणीकर_शेतकरी:
ठीक दादा. कोपऱ्यासाठी मोठा सांगतो, बाकी रान पावसावर ठेवतो.