मदत हवी आहे: मंगळावर एवढा कार्बन डायऑक्साइड, मग ऊब का नाही?

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच गोष्टीवर अडलोय. पृथ्वीचं गणित जमलं. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतली ३० टक्के परत फेकली जाते, उरलेली अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर जाते असं धरलं, तर तापमान येतं उणे १८ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात सरासरी आहे सुमारे १५. हा ३३ अंशांचा फरक हरितगृह परिणामाचा, म्हणजे हवेतले वायू बाहेर जाणारी उष्णता अडवून धरतात त्याचा! वहीत आकडा उतरला तेव्हा अंगावर काटा आला. शुक्र एवढा तापलेला का तेही पटलं, तिथे हवेचा दाब आपल्या ९० पट.

गाडी अडली ती मंगळावर. तिथल्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. हवा विरळ आहे हे मान्य, पण दर चौरस मीटरमागे हिशेब केला तरी हा वायू पृथ्वीपेक्षा कितीतरी पट जास्त भरतो. तरी ऊब वाढते जेमतेम ५ अंशांनी. पाण्याची वाफ जवळपास नाही म्हणून? की दाब कमी असल्याने वायूच्या शोषणरेषा (ज्या ठरावीक तरंगलांबींची किरणं तो शोषतो त्या) अरुंद राहतात आणि उष्णता मधल्या फटींतून निसटते म्हणून? जास्त वजन कशाला द्यायचं? भाचीला समजावायचंय, तिला चुकीचं सांगायचं नाही. समीकरणं दिलीत तरी चालतील.