स्टेंट बसला, मग ठोके का चुकतात?

हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टीने ब्लॉक मोकळा झाला तरी धडधड का होते, असा प्रश्न पडतो. स्टेंट (बारीक जाळी) हृदयाची रक्तवाहिनी उघडतो, अटॅकमध्ये मेलेला स्नायू परत आणत नाही. तिथे व्रण उरतो. व्रणात अडकलेल्या जिवंत तंतूंतून वीज सावकाश जाते आणि तिथल्या तिथे गोल फिरत राहते. व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणारे धोकादायक वेगवान ठोके, बहुतेकदा यातून सुरू होतो, कधी अटॅकनंतर कित्येक वर्षांनी.

म्हणून आधी टूडी एकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टमध्ये ईएफ बघा, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. चांगला असेल तर सुटे जादा ठोके सहसा धोक्याचे नसतात. अटॅकला 40 दिवस आणि स्टेंट किंवा बायपासला 3 महिने होऊनही, पूर्ण औषधं चालू असताना तो 35 टक्के किंवा खाली राहिला, तर आयसीडीबद्दल (जीवघेणे ठोके ओळखून शॉक देणारं, शरीरात बसवायचं यंत्र) डॉक्टरांना स्पष्ट विचारा. धडधड रोज होत असेल तर 24 तासांचा होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र) उपयोगी. महिन्यातून एकदा होत असेल तर त्यात बहुधा काहीच सापडत नाही.

मेटोप्रोलॉल (ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर गोळी) मनाने बंद करू नका, एकदम थांबवल्यास इस्केमिया (हृदयाला रक्त कमी पडणं) आणि ठोके दोन्ही उसळतात. लघवीच्या गोळ्या आणि जुलाब यांनी पोटॅशियम उतरतं, तेही तपासा. जुन्या चिठ्ठीवरची फ्लेकेनाइड (अनियमित ठोक्यांवरची गोळी) मात्र अजिबात नको. अटॅक येऊन गेलेल्यांत तिने मृत्यू वाढले, हे 1989 मध्येच दिसलं.

पर्वतीसारखी टेकडी चढताना धडधडीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा आणि 108 लावा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.