मदत हवी आहे : मोतीला कुत्री लावावी का? रविवारच्या आत सल्ला हवा

सुरंगी, गुहागर :
नमस्कार. आमच्या लॅब्रॅडॉरची, मोतीची, पिल्ले घरात खेळावीत अशी आईची फार इच्छा आहे. चिपळूणचे एक कुटुंब आपली कुत्री घेऊन रविवारी येणार आहे. ती माजावर येऊन आज सात दिवस झाले, त्यामुळे ही वेळ चुकली तर पुन्हा सहा-सात महिने थांबावे लागेल. मोतीमध्ये जन्मापासून एक लहानसा दोष आहे आणि आमच्या डॉक्टरांनी तेवढ्यावरून पैदाशीला नकार दिला आहे. कुत्रा मात्र धडधाकट आहे, रोज पुळणीवर धावतो, समुद्रात पोहतो. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लवकर सांगावे.

खाडीकाठ :
दोष कोणता, हेच आपण लिहिलेले नाही. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष वारशाने येतो, आणि आईबाप ठणठणीत दिसत असले तरी तो पिल्लांत उतरू शकतो. आमच्या राणीला तो होता. पाचव्या वर्षापासून तिला ओट्याच्या तीन चिरेबंदी पायऱ्या चढवेनात. मी तिच्या पोटाखालून पंचा घालून तिला वर घेत असे. मोतीचे वय किती आहे? खुब्यांचा एक्स-रे काढला आहे का?

आगोट :
एक्स-रे काढाल तेव्हा काढाल, आधी घरातल्या गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरा. पावसाळ्यात ओल्या पायांनी कुत्रे घसरते आणि सांधे तिथेच बिघडतात. वजनही आटोक्यात ठेवा.

सुरंगी :
खुब्यांचा प्रश्नच नाही. मोती अडीच वर्षांचा आहे. त्याचे उजवे वृषण खाली उतरलेले नाही, डावे व्यवस्थित आहे. एका वृषणावरही पिल्ले होतात असे ऐकले, म्हणून विचारते आहे.

माडाची सावली :
नक्की होतात. आमच्या कुत्र्याला एकच गोळी होती आणि पहिल्याच खेपेला सात पिल्ले झाली, सगळी गुटगुटीत. डॉक्टर मंडळी जरा जास्तच घाबरवतात. लहानपणीच हार्मोनची इंजेक्शने दिली असती, तर राहिलेले वृषणही उतरले असते.

रानवाट :
पिल्ले होतील की नाही हा प्रश्नच नाही, कारण उतरलेले वृषण आपले काम करतेच. हा दोष आनुवंशिक आहे आणि तो फक्त नरात दिसत असला तरी मादीही तो पुढे नेते, म्हणून बहिणींकडे पाहून काहीच कळत नाही. सहाव्या महिन्यानंतर वृषण उतरण्याची आशा धरत नाहीत. इंजेक्शनाने ते उतरले असे मानले तरी पिल्लांत जायचे ते जातेच, दोष फक्त झाकला जातो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या जातिमानकांतही नराची दोन्ही वृषणे पूर्ण उतरलेली असावीत, असे लिहिलेले असते. माडाची सावली, त्या सातांत नर किती होते, आणि ते मोठे झाल्यावर आपण पाहिले का?

माडाची सावली :
चार नर होते. दोन महिन्यांचे असताना दिले, पुढचे मला माहीत नाही. पण कोणाची तक्रार आली नाही.

खाडीकाठ :
तक्रार येणार कशी? घेणाऱ्याने तिथे हात लावून पाहिलेलेच नसते. सुरंगीताई, २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणेही पैदाशीची जनावरे निरोगी आणि किमान १८ महिन्यांची असावी लागतात, आणि तसा पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा लागतो. मोतीचे वय बसते, पण डॉक्टर नको म्हणत असताना दाखला कोण देणार?

चिऱ्याचे घर :
जातिवंत कुत्र्यांच्या मागे लागूच नये असे माझे प्रामाणिक मत आहे. गावठी पिल्लू आणा, आईंची हौसही भागेल. रात्री मात्र ते घरात घ्या, आमच्याकडे बिबट्याने पडवीतून दोन कुत्री नेली.

रानवाट :
सुरंगीताई, एक विचारायचे राहिले. चिपळूणची कुत्री कोणत्या घरातली आहे?

सुरंगी :
मोतीच्याच आईची, नंतरच्या वेताची. ओळखीच्या घरातली, म्हणूनच तर जमवले होते. यात काही अडचण आहे का?

रानवाट :
मोठी अडचण आहे. पिल्लात हा दोष दिसायला साधारणपणे आई आणि बाप दोघांकडूनही वारसा यावा लागतो, म्हणजे मोतीच्या आईकडे तो असणार, आणि तिची मुलगीही तो घेऊन आलेली असण्याचा संभव बराच आहे. ही जोडी लावू नका. मला मोतीचीही काळजी वाटते. पोटात राहिलेले वृषण उष्णतेत राहते, पुढे त्यात गाठ होण्याचा धोका कित्येक पट वाढतो आणि कधी त्याला पीळही पडतो. सोनोग्राफीने ते जांघेत आहे की पोटात ते पाहून घ्या आणि दोन्ही वृषणे काढा. फक्त आतले काढले तर बाहेरच्यावर तो पुन्हा बाप होऊ शकतो. गुहागरहून कुंभार्ली घाटाने कराड, सातारा करून शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. मुंबईला जाणे होत असेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

सुरंगी :
डॉक्टरांनी जांघेत बोटे फिरवून, इथे काहीच लागत नाही, असे म्हटले होते. त्याचा अर्थ आज कळला. रविवारचे रद्द केले आहे. आई दुपारभर बोलली नाही, मग मोतीला जवळ घेऊन, याला फार दुखेल का, एवढेच विचारले.

खाडीकाठ :
रद्द करताना चिपळूणच्या मंडळींना कारण सांगितलेत ना? नाहीतर ते उद्या दुसरा नर शोधतील.

सुरंगी :
सांगितले नाही, मोती आजारी आहे असे म्हटले. संध्याकाळी पुन्हा फोन करते.